आधी किल्ली, मग मासळी

मी फळी आहे. मासे मोजायची फळी. दोन फूट लांब, वीतभर रुंद, जुन्या सागवानाची. एका टोकाला लाकडी ठोकळा, अंगावर मिलिमीटरच्या बारीक रेघा. मासा माझ्या अंगावर आडवा ठेवायचा, त्याचं तोंड ठोकळ्याला टेकवायचं आणि शेपटीचं टोक जिथे येईल तिथला आकडा वाचायचा. एवढंच माझं काम.

एवढंच म्हणून हसू नका. विद्यापीठाच्या मत्स्य आणि वन्यजीव विभागातून आजवर जे विद्यार्थी पदव्या घेऊन बाहेर पडले, त्यातल्या निम्म्यांच्या प्रबंधांतले आकडे माझ्या अंगावरून गेले आहेत. प्रबंधाच्या सुरुवातीला ते आईवडिलांचे आभार मानतात, सरांचे मानतात, एकाने तर चहावाल्याचे मानले होते. माझे कोणी मानत नाही. न मानू देत, मला ठाऊक आहे ना. मी गर्विष्ठ आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला त्रास होणार नाही.

माझा जन्म सरांच्या हट्टातून झाला. तेव्हा ते सर नव्हते, फुंकर मारली तर उडेल असा एक बारकुडा विद्यार्थी होते. बाजारातली पत्र्याची पट्टी त्यांच्या मनाला येईना, म्हणून ते दारंखिडक्या करणाऱ्या एका सुताराकडे जाऊन बसले. सुताराने रेघा कोरल्या. यांनी भिंग लावून तपासल्या, नापसंत केल्या आणि रंधा मारून पुन्हा कोरायला लावल्या. असं तीनदा झालं. माझी तीन कातडी त्या दुकानाच्या जमिनीवर भुशात पडली.

शेवटी सुतार वैतागून म्हणाला, "अहो, दाराच्या चौकटीलासुद्धा मी एवढं मोजत नाही."

"दार चुकलं तर तुम्ही परत जाऊन नीट कराल," सर म्हणाले. "मासा मी तोवर पाण्यात सोडून दिलेला असेल."

 सुताराने चौथ्यांदा कोरणी उचलली आणि चौथ्यांदा मी जशी झाले तशी आज आहे. म्हणजे, होते. त्याबद्दल पुढे सांगेनच.

सरांना एक खोड होती. विभागाची एक नाव आहे, ती तळ्याकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये असते. त्या शेडच्या कुलपाची पितळी किल्ली चांगली हातभर नाही तरी पंजाएवढी लांब आहे. रोज सकाळी शेड उघडली की सर पहिल्यांदा ती किल्ली माझ्यावर ठेवून मोजायचे. एकशे बेचाळीस मिलिमीटर. मग तो आकडा नावेच्या वहीत लिहायचे. त्या वहीत नाव किती वाजता निघाली, वारा कसा होता, बरोबर कोण होतं, हे सगळं लिहिण्याची रीत होती. त्यात सरांनी पट्टीने रेघ मारून शेवटचा एक रकाना वाढवला आणि वर लिहिलं, किल्ली. लाकूड फुगतं, रेघा झिजतात, माणूस पेंगतो, असं ते म्हणायचे. किल्ली मात्र पितळेची आहे आणि ती हरवली तर नावच निघत नाही, तेव्हा ती रोज हाताशी असणारच. आधी किल्ली, मग मासळी.

खरं सांगू? मला या प्रकाराचा भयंकर राग यायचा. रोज सकाळी उठल्या उठल्या परीक्षा घेतलेली कोणाला आवडेल? घरातल्या सुनेला सासूने रोज नव्याने विचारावं, तुला भात शिजवता येतो ना, तसला तो प्रकार. मी रोज एकशे बेचाळीस सांगायचे आणि मनात म्हणायचे, आता तरी विश्वास बसू दे.

वर्षं गेली. सर सडपातळचे जाडजूड झाले, विद्यार्थ्याचे प्राध्यापक झाले. माझ्यावरून हजारो मासे घसरून गेले आणि शेकडो हात फिरले. हातांवरून मी माणूस ओळखते. काहींचं पाच आणि शून्यावर फार प्रेम असतं, मासा एकशे त्र्याऐंशीचा असला तरी त्यांना तो पंच्याऐंशीचाच दिसतो. काहीजण माशाला सॉरी म्हणतात. एकजण मासा मोजताना स्वतःचाच श्वास रोखून धरायचा आणि दहाव्या माशाला त्याला चक्कर यायची. आमच्या शेजारच्या खोलीत वन्यजीववाले असतात. कोल्ह्यांवर अभ्यास करतो म्हणून आलेली ती पोरं तीन वर्षांत कोल्हा दोनदा पाहतात आणि कोल्ह्याची विष्ठा रोज. तरी ती आम्हाला वास येतो म्हणून नाक मुरडतात.

मग ती आली.

विभागाची नाव चालवणाऱ्या नावाडीकाकांनी आल्या दिवसापासून तिचं नाव घाईबाई ठेवलं. एक पाय शेडमध्ये आणि दुसरा नावेत, तोंडात बिस्कीट आणि हातात न बांधलेली बुटाची नाडी, अशी तिची मूर्ती असायची. पण हात! काय हात होता तिचा. मासा निसटायला बघायचा आणि तिच्या पंज्यात आपोआप गप्प व्हायचा. याचं कारण नंतर कळलं. तिची आई त्याच तळ्यावरची मासळी बाजारात विकायची. बापाच्या माघारी त्या टोपलीवर तिने या पोरीला शिकवलं होतं. मासळी विकणाऱ्या बाईची मुलगी माशांवर प्रबंध लिहायला आली, म्हणून मला तिचं पहिल्या दिवसापासून कौतुक.

त्यातून पहिल्याच दिवशी तिने माझं मन जिंकलं. सरांनी तिला किल्लीचा नियम सांगितला. ती हसली आणि म्हणाली, "सर, फळी काय रोज लांब-आखूड होते का?"

मला तिला मिठी मारावीशी वाटली. इतक्या वर्षांत माझी बाजू घेणारं कोणीतरी भेटलं होतं.

तिने पंधरा दिवस किल्ली मोजली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, हिचे पंधरा झाले. नंतर सोडून दिलं. सरांना गुडघ्यांमुळे आता नावेत चढता येत नव्हतं, तेव्हा विचारणारं कोणी नव्हतं. नावाडीकाका मात्र ती बूट घालत असायची तेवढ्यात किल्ली माझ्यावर ठेवायचे, डोळे बारीक करून आकडा वाचायचे आणि नावेच्या वहीत टिपायचे. सरांनी तीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं, म्हणून. काका म्हणजे सांगितलेलं काम करत राहणारा माणूस. काम थांबव असं कोणी सांगितलं नाही, तर ते थांबणारही नाहीत.

आता घाईबाईचं काम काय होतं ते सांगते, नाहीतर तुम्हाला पुढची गोष्ट कळायची नाही. त्या तळ्यात चपटा नावाचा रुपेरी मासा आहे. सगळ्यांची चूल त्याच्यावर चालायची. पण बारीक घरांच्या जाळ्यांनी लोक पिल्लंही उपसून काढायचे, आणि मासा वर्षागणिक लहान होत चालला होता. विभागाने आणि मत्स्य कार्यालयाने मच्छीमारांची समजूत घातली, की बारीक जाळी गुंडाळून ठेवा, मोठ्या घरांची वापरा, दोन वर्षांत मासा वाढतो का बघू. मच्छीमार नाइलाजाने हो म्हणाले. मोठ्या घरांतून बरीचशी मासळी निसटून जायची आणि घरी तोंडं वाकडी व्हायची. घाईबाईचा सख्खा मामाही त्यात होता. मासा खरंच वाढला का, हे ठरवायचं काम तिचं, म्हणजे माझं. वाढला तर मोठ्या घरांची जाळीच राहणार आणि तळं वाचणार. नाही वाढला तर बारीक जाळी पुन्हा पाण्यात पडणार.

पहिल्या वर्षी आम्ही साडेसातशे चपटे मोजले. सरासरी एकशे ब्याऐंशी. दुसऱ्या वर्षी कामाला सुरुवात केली आणि तिसऱ्या फेरीला तो प्रकार घडला. शेडमध्ये नांगर ओढताना तिच्या हातून सटकला आणि थेट माझ्या ठोकळ्यावर आदळला. ठोकळा निखळून जमिनीवर लोळला. वारा वाढत होता, फेरी चुकवून चालणार नव्हतं. तिने स्क्रूड्रायव्हर घेतला. जुनी भोकं सैल झाली होती, स्क्रू धरेना, म्हणून तिने जरासं पुढे नवी दोन भोकं पाडली आणि ठोकळा करकचून आवळला. माझी शून्याची रेघ माशांच्या तोंडांनी घासून घासून कधीच पुसली गेली होती, पहिल्या बोटभर अंतरात काही दिसतच नव्हतं. सगळं मिळून पाच मिनिटं लागली. तिने ते कुठे लिहूनही ठेवलं नाही. पाच मिनिटांचं काम काय लिहायचं?

त्यानंतर काकांनी किल्ली ठेवली आणि माझ्या अंगावर ती एकशे सेहेचाळीसवर आली.

मला कळलं का? कळलं. रोज सकाळी कळत होतं. इतकी वर्षं त्या किल्लीचं टोक ज्या रेघेवर टेकायचं त्याच्या चार रेघा पुढे ते टेकत होतं, आणि मला ते न कळायला मी काय चॉपिंग बोर्ड आहे? पण मी स्वतःची समजूत घातली. मी चुकणं शक्य नाही. म्हातारा किल्ली नीट टेकवत नसेल. त्याचे हात थरथरतात हल्ली. असं मी रोज मनाशी म्हणत होते आणि पुढचा मासा अंगावर घेत होते. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

वर्ष संपलं. आकडे संगणकात गेले आणि घाईबाई प्रयोगशाळेत खुर्चीवरून उठून अक्षरशः नाचली. सरासरी एकशे सत्त्याऐंशी, म्हणजे पाच मिलिमीटर वाढ. सरांनी पाठ थोपटली. मत्स्य कार्यालयात एक जागा रिकामी होती, प्रबंध या वर्षी दिलास तर ती तुझीच समज, असा तिथून निरोप आला होता. मी टेबलावर पडल्या पडल्या फुगून दुप्पट झाले होते. पाच मिलिमीटर, आणि ते माझ्या अंगावर.

दुसऱ्या दिवशी आई आली. विभागात ती पहिल्यांदाच येत होती. बाजार आटोपून, धुतलेली रिकामी टोपली काखेत मारून तशीच आली आणि दारात चपला काढू की नको म्हणून अडखळली. लेकीने तिला आत आणून खुर्चीवर बसवलं, पडद्यावरचे आलेख दाखवले. मासा वाढलाय, पाच मिलिमीटर, असं बोटांत अंतर धरून दाखवलं.

आईने आलेखाकडे पाहिलं. मग मांडीवरच्या टोपलीकडे पाहिलं.

"माझ्या टोपलीत एका थराला चौदा बसायचे," ती म्हणाली. "अजून चौदाच बसतात गं."

लेक हिरमुसली. मग चिडली. पंधराशे मासे मोजलेत आई, म्हणाली, ते काय टोपलीच्या अंदाजाने? आई म्हणाली, नाही गं, तुझंच बरोबर असेल, मला त्यातलं काय कळतं. आणि विषय बदलून दुपारी काही खाल्लंस का, असं विचारलं.

पण पोरगी त्या आईची. चौदा या आकड्याने तिच्या डोक्यात ठाण मांडलं. आईला फाटकापर्यंत पोचवून ती परत आली, थोडा वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली, आणि मग थेट शेडवर गेली, मला बगलेत घेऊन. या वेळी मात्र चालण्यात घाई नव्हती. काका दोर वळत बसले होते. तिने त्यांच्या गळ्यातली किल्ली मागितली आणि माझ्यावर ठेवली. एकशे सेहेचाळीस. पुन्हा ठेवली. पुन्हा तेच. मग तिने मला उलटं केलं आणि ठोकळ्याच्या मागची जुनी दोन भोकं तिला दिसली.

ती जमिनीवरच बसली. गर्वाचं घर खाली म्हणतात, तिथे तर आमची दोघींची घरं एकदम कोसळली होती.

किती माशांना चार मिलिमीटर जास्त लागले? ठोकळा कधी निघाला होता, तेच तिला आठवेना. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला? मध्ये? ते कळल्याशिवाय दुसऱ्या वर्षाचा एकही आकडा कामाचा नव्हता. ती डोकं धरून हे सगळं मोठ्याने बोलत होती. काकांनी दोर खाली ठेवला, आत जाऊन नावेची वही आणली आणि तिच्यापुढे उघडून धरली. शेवटचा रकाना. एकशे बेचाळीस, बेचाळीस, बेचाळीस, आणि दुसऱ्या वर्षाच्या तिसऱ्या फेरीपासून एकशे सेहेचाळीस. तिथून पुढे रोज, न चुकता.

"काका, हे तुम्ही रोज लिहीत होतात?" तिने विचारलं. "मग बोलला का नाहीत?"



"मला वाटलं, माझाच हात हलतोय," ते म्हणाले. "डोळेही गेलेत. म्हटलं, किल्ली कशी वाढेल? म्हणजे आपलंच चुकतंय. पुढच्या हंगामापासून नाव दुसऱ्याकडे द्या, असं मी विभागाच्या कार्यालयात सांगूनसुद्धा आलोय."

तेव्हा मी लाकडाची नसते तर रडले असते. चूक तिने केली होती, मी ती त्या म्हाताऱ्यावर ढकलली होती, आणि त्याने ती स्वतःवर घेऊन नाव सोडायची तयारी केली होती. न चुकलेला तो एकटाच होता.

दुसऱ्या वर्षाच्या तिसऱ्या फेरीपासूनच्या प्रत्येक माशातून चार मिलिमीटर वजा केले. पाचाचा झाला दीड. आणि दीड मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, शेपटी जरा पसरली की तेवढा फरक पडतोच, असं तीच म्हणाली. मासा वाढला असं छातीठोकपणे म्हणता येणार नव्हतं.

शेजारच्या खोलीतला कोल्हेवाला मनाने चांगला पोरगा आहे. त्याने हे ऐकलं आणि दार लोटून घेतलं. म्हणाला, चार मिलिमीटर कोणाला दिसतात? वही तळ्यावर पडलेली, वाचतं कोण? नोकरी जाईल, जाळी परत पडतील, तळ्याचंही वाटोळं होईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, हीच पंचाईत होती. खोटं सांगितलं तर तळं वाचत होतं आणि खरं सांगितलं तर धोक्यात येत होतं. असा पेच माणसांवरच येतो बाई, फळ्यांवर येत नाही.

ती तळ्यावरून वही घेऊन आली आणि दोन दिवस तोच रकाना पुन्हा पुन्हा वाचत बसली. तिसऱ्या दिवशी काका विभागात आले, नाव सोडण्याच्या अर्जावर सही करायला. सहीच्या आधी त्यांनी उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला होता, थरथर दिसू नये म्हणून. खरं तर थरथर नव्हतीच. घाईबाई उठली, तिने तो कागद त्यांच्या पुढ्यातून काढून घेतला आणि मला व वहीला उचलून सरांच्या खोलीत गेली.

सरांनी सगळं ऐकलं. वहीचा रकाना खालून वर आणि वरून खाली वाचला. ते ओरडतील असं मला वाटलं होतं.

"तुझ्या वहीत किल्ली आहे का, हे मी दोन वर्षांत एकदाही बघितलं नाही," ते म्हणाले. "नियम मी केला आणि विसरलोही मीच. लक्षात ठेवला तो एकट्या नावाड्याने."

नोकरी गेली. ती दुसऱ्या कोणाला मिळाली आणि तो माणूसही काही वाईट नव्हता. पण खरी परीक्षा मच्छीमारांच्या बैठकीत होती. जाळी ठेवण्याच्या पत्र्याच्या लांबलचक खोलीत तीसचाळीस माणसं, भिंतीला गुंडाळून ठेवलेली बारीक जाळी, आणि पुढे स्टुलावर मी. तिने मला सगळ्यांसमोर उलटं केलं आणि भोकं दाखवली. ही जुनी, ही मी पाडलेली. चार मिलिमीटर माझ्या चुकीचे. मासा वाढला असं मी सांगू शकत नाही. वाढणार नाही असंही सांगू शकत नाही. मला आणखी एक वर्ष हवं आहे.

खोलीत कुजबुज झाली. पोट काय वर्षभर बांधून ठेवायचं का, असं मागून कोणी म्हणालं, आणि ते चूक नव्हतं. मामा मान खाली घालून बसला होता. मग त्यांच्यातला सगळ्यात वयस्क मच्छीमार उठला, जवळ आला, आणि त्याने आपलं जाडं बोट माझ्या भोकांवरून फिरवलं.

"चाळीस वर्षं साहेब लोक येतात आमच्याकडे," तो म्हणाला. "माझं माप चुकलं, असं सांगायला आलेली तू पहिलीच." मग तो वळून बाकीच्यांना म्हणाला, "एक वर्ष. एकच."

सुताराने माझा ठोकळा जुन्या जागी बसवला. तो त्या पहिल्या सुताराचा मुलगा होता. नवी भोकं लाकडाच्या भुशाने बुजवून रंग मारतो, दिसणारही नाहीत, असं तो म्हणाला. घाईबाई म्हणाली, नको, राहू देत.

तिसरं वर्ष आम्ही काढलं. तुम्हाला वाटेल, फार काही थोर काम केलं असेल. तेच केलं. थंडीत बधिर बोटांनी, उन्हात पाठ भाजत, आठशे अकरा मासे. फरक इतकाच की रोज सकाळी ती आधी बुटाच्या नाड्या बांधायची, मग काकांच्या शेजारी गुडघ्यांवर बसायची आणि किल्ली दोघंही वाचायची, आधी काका आणि मग ती. एकशे बेचाळीस. काकांचा आवाज दिवसेंदिवस खणखणीत होत गेला. तो अर्ज तिने फाडून नावेच्या गळक्या डब्याला बूच म्हणून वापरला होता. आणि मी? मला पहिल्यांदाच त्या परीक्षेचा राग येत नव्हता. रोज उत्तीर्ण होण्यातही एक मजा असते, ती आत्ता कळत होती.

आकड्यांची बेरीज व्हायच्या आधीच निकाल लागला. शेवटच्या फेरीच्या दिवशी आम्ही धक्क्याला लागलो तेव्हा आई तिथे टोपली भरत बसली होती. मामाच्या जाळ्यातली मासळी होती. ती एकेक चपटा उचलून थर लावत होती, तोंड बाहेर, शेपटी आत. लावता लावता थांबली. परत सगळे काढले, परत लावले. मग तिने लेकीला हाक मारली.

"बघ गं," ती म्हणाली. "चौदावा बसत नाहीये."

घाईबाईने हातातलं सगळं खाली टाकलं आणि टोपलीपाशी जाऊन बसली. स्वतःच्या हाताने थर लावला. तेरा. चौदावा मासा तिच्या हातात राहिला. कुठेही कोंबला तरी त्याची शेपटी काठावरून बाहेर यायची. आई हसत होती आणि पदराने लेकीचे गाल पुसत होती, आणि आईच्या हाताला मासळीचा वास होता, तो लेकीच्या गालांना लागला असेल. मग त्या चौदाव्या माशाला घाईबाईने माझ्यावर ठेवलं. एकशे चौऱ्याण्णव. मी ते ज्या दिमाखात सांगितलं, तेवढ्या दिमाखात मी आयुष्यात दुसरं काही सांगितलेलं नाही.

वर्षाची सरासरी एकशे त्र्याण्णव भरली. किल्ली लावून, काकांनी वाचून, तिने वाचून. बारीक जाळी कायमची बंद झाली. त्यातली काही आता मामाच्या परसात कोंबड्यांच्या कुंपणाला आहेत.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, की दुसऱ्या वर्षाच्या आकड्यांवर विश्वास का ठेवायचा? तिने मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं, शेजारी नावेची वही ठेवली आणि सगळी हकीकत सांगितली. परीक्षक बराच वेळ माझी भोकं पाहत होते. नंतर त्यांनी खिशातून आपली घराची किल्ली काढून माझ्यावर ठेवली आणि आकडा स्वतःच्या कागदावर लिहून घेतला. कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

तिच्या प्रबंधात आभाराचं एक पान आहे. आई, नावाडी, सर. आणि चौथं नाव, एक सागवानी फळी. मी ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं नाही, मला डोळे नाहीत. पण काकांनी मला वाचून दाखवलं, चष्मा न लावता.

आता मी म्हातारी झाले आहे. विभागात विजेवर चालणारी एक नवी फळी आली आहे, मासा ठेवला की आकडा आपोआप पडद्यावर जातो. कानामागून आली आणि तिखट झाली. पाणी उडालं की तिची बोबडी वळते, पण ते मी बोलणं बरं दिसत नाही. सर निवृत्त झाले, काकांनी आपल्या मर्जीने, ठरलेल्या वयाला, नाव दुसऱ्याच्या हाती दिली. घाईबाईला आता कोणी घाईबाई म्हणत नाही, मॅडम म्हणतात. ती याच विभागात शिकवते. बुटाच्या नाड्या अजूनही कधीकधी सुटलेल्या असतात.

पण दरवर्षी नवे विद्यार्थी आले की पहिल्या दिवशी ती मला भिंतीवरून खाली काढते. काही सांगत नाही. मला एकाच्या हातात देते आणि उलटं करायला लावते. हमखास कोणीतरी विचारतं, मॅडम, ही दोन भोकं कसली? चुकून पडलीत का?

"हो," ती म्हणते. "माझ्या हातून."

आणि मग सगळ्यांसमोर सांगते. इतकी वर्षं झाली, दरवेळी सांगते, एकदाही टाळलं नाही. माझ्या अंगावर सहाशे रेघा आहेत, सुताराने चार वेळा कोरून बरोबर केलेल्या. पण कोणी विचारलं की तुझ्या अंगावरचं सगळ्यात देखणं काय, तर मी ती दोन भोकं दाखवीन.

तुमच्याकडेही एखादी फळी असेलच. वजनाचा काटा असेल, घड्याळ असेल, नाहीतर मी कधी चुकत नाही असं म्हणणारं स्वतःचं मन असेल. माझं एवढं ऐका. त्याच्यावर प्रेम करा, त्याचा अभिमान बाळगा, पण सकाळी कामाला लागायच्या आधी एकदा त्याच्यावर किल्ली ठेवून बघा. आणि शेजारचा म्हातारा काही वेगळा आकडा सांगत असेल, तर त्याचा हात हलतोय असं लगेच म्हणू नका.